जल्लोष बाहेरगावी, फोटो घरपोच

मुंबईचा फुटबॉल संघ करंडक जिंकतो, पण मुंबईत जिंकत नाही. ही तक्रार नव्हे, नुसती नोंद आहे. मुंबई सिटी एफसीने इंडियन सुपर लीगचा करंडक पहिल्यांदा उचलला तो 13 मार्च 2021 रोजी, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर. समोर मोहन बागान होता आणि चहूबाजूंना रिकाम्या खुर्च्या होत्या, कारण कोरोनामुळे प्रेक्षकांना बंदी होती. बिपिन सिंगने 90व्या मिनिटाला गोल मारून सामना फिरवला. एवढ्या उशिरा एवढा मोठा गोल मारणारा माणूस स्वाभाविकपणे प्रेक्षकांकडे धावतो. बिपिनला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर भागवावं लागलं. दुसरा करंडक 4 मे 2024 चा, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, पुन्हा मोहन बागानविरुद्ध, 3-1. या वेळी साठ हजारांहून जास्त प्रेक्षक होते, आणि बहुतेक सगळे मोहन बागानचे. म्हणजे एकदा टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, आणि एकदा भरपूर होते पण कुणाला वाजवायच्या नव्हत्या.

मुलुंडकराला याचं नवल वाटत नाही. आमच्या आयुष्यातलं बरंचसं महत्त्वाचं आधीपासून दुसरीकडेच घडत आलेलं आहे. नोकरी फोर्टात, बदलीची ऑर्डर बांद्र्यात, डेंटिस्ट ठाण्यात. नाटक तेवढं मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात येतं, तेही दादरला पडून-उठून झाल्यावर. मुलुंड मुंबईत आहे हे आम्ही ठाण्याच्या लोकांना वारंवार सांगतो आणि दादरचे लोक आम्हाला वारंवार विचारतात.

तर फुटबॉलशी माझा संबंध भाच्यामुळे आला. भाचा लग्न-मुंजीचे फोटो काढतो. पोट त्यावर आहे. जीव मात्र फुटबॉलवर. मार्गशीर्षात मुहूर्त आणि सामना एकाच दिवशी आला की त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो मी फक्त दोन घरची माणसं ‘मुलगी पसंत आहे’ म्हणून फोन करतात तेव्हाच्या उपवर मुलीच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. मी बँकेतून निवृत्त झालो त्याच आठवड्यात त्याने माझी नेमणूक केली. पद : बॅग धरणारा मामा. पगार : वडापाव. कामाचं स्वरूप : भाड्याने आणलेली 400 मिलिमीटरची लेन्स मांडीवर घेऊन लोकलच्या चौथ्या सीटवर बसणे.

चौथ्या सीटवर माणूस अर्धाच बसतो हे मुंबईत सर्वमान्य आहे. पण मांडीवर तीन किलोची, दहा लाखांवर किंमत असलेली नळी असली की तो अर्धा माणूसही बसत नाही, तरंगतो. नाहूरला एक गृहस्थ चढले, त्यांनी बॅगेकडे पाहून विचारलं, “तंबोरा का?” मी हो म्हणालो. त्यांनी विक्रोळीपर्यंत मला किराणा घराण्याबद्दल सांगितलं. मी विमा नसलेल्या माणसाच्या एकाग्रतेने ऐकत राहिलो.

घाटकोपरला मेट्रो धरायची. ही मेट्रो सुरू झाली जून 2014 मध्ये आणि मुंबई सिटी एफसीचा पहिला हंगाम त्याच वर्षी ऑक्टोबरात. दोघांचं वय एकच. मेट्रोला गर्दी पहिल्या दिवसापासून मिळाली. क्लबला जरा वाट पाहावी लागली, आणि त्यात क्लबचा दोष नव्हता. पहिले दोन हंगाम घरचं मैदान नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम होतं, म्हणजे मुंबईचा संघ मुंबईकरांना खाडीपलीकडे बोलावत होता. (आम्हा मुलुंडवाल्यांना मात्र ते सोयीचं. ठाण्याला जाऊन ट्रान्स-हार्बर पकडली की झालं. मुंबईची कुठलीही गोष्ट मुंबईबाहेर गेली की आम्हाला जवळ पडते.) 2016 पासून संघ अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात आला आणि आझाद नगर स्टेशनावर उतरलं की निळे टी-शर्ट दिसायला लागले.

आणि मफलर! फुटबॉलच्या समर्थकाला मफलर लागतो, कारण इंग्लंडात लागतो. तिथे तो थंडीसाठी असतो. अंधेरीत फेब्रुवारीच्या संध्याकाळी, जिथे हवा अंगाला चिकटून मग सुटायला नाही म्हणते, तिथे आमची पोरं गळ्यात लोकरीचा मफलर घालून ढोल वाजवत उभी असतात. वेस्ट कोस्ट ब्रिगेड नावाचा समर्थकांचा गट आहे, तो दीड-दोन तास बसतच नाही. फोटोसाठी ते मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरतात. त्या क्षणी भाच्याला निळ्या पट्ट्यांची सुंदर रांग दिसते. मागच्या ओळीतून मला काय दिसतं आणि काय येतं ते सांगण्यासारखं नाही.

भाच्याला आत जायचं कार्ड आहे. मला नाही. तो रंगीत जाकीट चढवून गोलपोस्टच्या मागे, जाहिरातींच्या फलकांआड, बुटक्या स्टुलावर बसतो आणि मी तिकीट काढून प्रेक्षकांत. त्यामुळे गेले काही हंगाम मी सामने पाहत नाही, सामना टिपणाऱ्यांना पाहतो. ही जमात सामन्याबद्दल कमालीची अडाणी असते. नव्वद मिनिटं ते एका छोट्या चौकटीतून एकेका माणसाची मांडी बघत असतात. शिट्टी वाजल्यावर हेच लोक आजूबाजूला विचारतात, “किती झाले?” मुंबईच्या छांगटेने कुणाला कसं चकवलं हे त्यांना घरी जाऊन, फोटो मोठा करून कळतं.

त्यांचं खरं दुःख वेगळं आहे. बसायची जागा एकदा निवडली की अर्धा वेळ तीच. भाचा ज्या कोपऱ्यात बसतो, गोल मारणारा त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात पळतो. हे इतक्या नियमाने होतं की मला वाटायला लागलंय, खेळाडूंना प्रशिक्षणात हेच शिकवत असावेत. मुंजीत बटू पळतो, नाही असं नाही. पण कार्यालयाच्या दाराशी कुणीतरी मावशी त्याला धरते आणि परत पाटावर आणून बसवते. इथे चेंडू जाळ्यात गेला की बावीस जणांत एकच शहाणा कॅमेऱ्याकडे येतो आणि तो ज्याने गोल खाल्ला तो गोलकीपर असतो, चेंडू काढायला.

जल्लोषाचेही रिवाज आहेत. गुडघ्यावर घसरत जायला गवत ओलं लागतं. ते कोरडं असेल तर फोटोत वीर दिसणारा माणूस दुसऱ्या दिवशी फिजिओच्या टेबलावर दिसतो. कानामागे हात धरायचा तो पाहुण्या संघाच्या समर्थकांसमोर, “आता का गप्प?” या अर्थाने. अंधेरीत हे जरा जपून करावं लागतं, कारण केरला ब्लास्टर्स आले की अर्धं स्टेडियम पिवळं होतं आणि गप्प कुणीच बसत नाही. त्यातले काही मुलुंडहून, आमच्याच ट्रेनने, आमच्याच डब्यातून आलेले असतात. आमच्या मजल्यावरचे मल्याळी शेजारी त्यातलेच. 2016 च्या नोव्हेंबरात याच मैदानावर दिएगो फोर्लानने हॅटट्रिक केली आणि मुंबईने ब्लास्टर्सना 5-0 असं धुतलं. उरुग्वेचा हा म्हातारा, 2010 च्या विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू, आमच्या अंधेरीत येऊन तीन गोल मारतो, याचा आनंद मी जिन्यात जरा मोठ्याने व्यक्त केला. पुढच्या ओणमला आमच्याकडे पायसम आलं नाही.

अंगातला शर्ट काढून भिरकावला तर पंच पिवळं कार्ड दाखवतात; हा नियमच आहे. गंमत म्हणजे तो गोल नंतर रद्द ठरला तरी कार्ड रद्द होत नाही. गोल गेला, शर्ट गेला, कार्ड राहिलं. फोटोग्राफरांना शर्ट काढणारा आवडतो, प्रायोजकांना तो मुळीच आवडत नाही, कारण त्यांचं नाव त्या शर्टावर असतं आणि हा पठ्ठ्या नेमक्या जगाने बघायच्या क्षणी ते नाव गुंडाळून हवेत फिरवत असतो. कुंपणावर चढलं तरी कार्ड. गोकुळाष्टमीला मुलुंडमध्ये सात थर चढणाऱ्या पोरांना हा नियम मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांना वाटलं मी विनोद करतोय.

घरच्या मैदानावर जल्लोष व्हायची एक संधी आली होती, ती सांगायलाच हवी. तेव्हा या लीगमध्ये बक्षिसं दोन असायची. साखळीत सगळ्यांच्या वर राहील त्याला ढाल आणि मग बाद फेरीतून अंतिम सामना जिंकेल त्याला करंडक. त्यामुळे काही वर्षी दोन विजेते निघायचे आणि दोघांचेही समर्थक, खरी किंमत आपल्याच बक्षिसाला आहे, असं वर्षभर सांगत फिरायचे. 2022-23 च्या हंगामात मुंबई सिटी सलग 18 सामने हरलीच नाही. 11 फेब्रुवारी 2023 ला गोव्याला 5-3 हरवून ढाल पक्की केली. कुठे? बरोबर, फातोर्ड्याला. पण ढाल हातात द्यायचा सोहळा राहिला होता आणि तो ठरला 19 फेब्रुवारीला अंधेरीत, साखळीतला शेवटचा सामना संपल्यावर. समोर ईस्ट बंगाल, गुणतक्त्यात खूप खाली. भाच्याने एक साखरपुडा चुलतभावाच्या गळ्यात मारला. मी धुतलेला निळा टी-शर्ट घातला. मध्येच बंगळूरला जाऊन संघाने हंगामातला पहिला पराभव पत्करला होता, पण त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही; दृष्ट लागू नये म्हणून बोट लावतात तसं ते आम्ही समजलो.

ईस्ट बंगालने मुंबईला 1-0 असं हरवलं.

आता विचार करा. वीस सामन्यांचा हंगाम, चौदा विजय, 46 गुण. हरायचे सामने दोनच, आणि त्यातला एक नेमका या दिवशी, घरी, ढाल कडेला झाकून ठेवलेली असताना. सामना संपला तेव्हा मैदानावर नाचत होता ईस्ट बंगाल, आणि मंच बांधायला माणसं धावत आली ती मुंबईसाठी. वऱ्हाडात मानपानावरून कडाक्याचं भांडण व्हावं आणि त्याच मिनिटाला गुरुजींनी “ग्रुप फोटोला चला” म्हणावं, तशी सगळ्यांची तोंडं. भाच्याचा मात्र हा रोजचा व्यवसाय. दोरीमागे तीस कॅमेरेवाले हताश उभे होते, आणि याच्या डोळ्यांत आत्मविश्वास. त्याला ठाऊक होतं की अशा वेळी चेहऱ्यांकडे बघायचं नसतं, हातांकडे बघायचं. हात वर गेले की चेहरे आपोआप मागून येतात.

ढाल उचलण्याचा क्षण हा क्षण नसतोच, ती एक प्रक्रिया असते. आधी मंचावर पाहुणे येतात. मग पाहुण्यांना उतरवणं येतं, आणि हे जास्त अवघड. मग पदकं, मग रांग, मग कप्तानाने ढालीपाशी जाऊन उचलल्यासारखं करायचं आणि उचलायचं नाही, कारण मागे दोघांचे बूट सुटलेत. इकडे सगळे खेळाडू “ओ ओ ओ” असा सूर लावून खाली वाकतात. तिकडे फोटोग्राफर कप्तानाच्या नावाने टाहो फोडतात, “इकडे! इकडे बघ!” तीसही जणांचं ‘इकडे’ वेगवेगळ्या दिशेला. मग ढाल वर जाते, आणि त्याच क्षणी दोन्ही बाजूंच्या तोफांतून चमकीचे कागद उडतात. या कागदांचा शोध लावणाऱ्याला कुठल्याही फोटोग्राफरने कधी माफ केलेलं नाही. हल्लीचे कॅमेरे अतिशय हुशार, सेकंदाला वीस फोटो काढतात आणि समोरचा चेहरा आपणहून शोधतात. समोर चेहरा आणि डोळ्यांपाशी चमकी असली की ते चमकी शोधतात. भाच्याने त्या दोन मिनिटांत शेकडो फोटो काढले. त्यांतल्या निम्म्यांत मुंबई शहराच्या इतिहासातला सर्वांत स्पष्ट टिपला गेलेला चौकोनी कागद आहे.

पण उरलेल्या निम्म्यांतले फोटो बघून तुम्हाला कुणी सांगितलं की हा संघ दहा मिनिटांपूर्वी हरलाय, तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. ढाल वर गेल्यावर ती माणसं खरंच नाचली. आमच्या ओळीतलेही नाचले. मीही. सामना कुणी हरलाय याची आठवण फक्त ईस्ट बंगालच्या पोरांना होती, आणि ती बिचारी आपला विजय कुणी विचारत नाही म्हणून कोपऱ्यात आपल्या आपणच सेल्फी काढत होती.

हरलेल्या जल्लोषाचा नेमका उलटा प्रकार त्याच वर्षी नोव्हेंबरात झाला. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात सौदीचा अल हिलाल आला होता, आणि अल हिलालमध्ये नेमार होता. नाव निघालं तेव्हा जे लोक फुटबॉलला ‘तो पायाने खेळायचा’ म्हणून ओळखतात त्यांनीसुद्धा तिकिटांसाठी मला फोन केले. सामना पुन्हा नेरूळला. आणि 17 ऑक्टोबरला ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला. 6 नोव्हेंबरला अल हिलाल आला, दोन गोल मारून गेला. स्टेडियममध्ये पिवळे, 10 नंबरचे, पाठीवर नेमार लिहिलेले शर्ट घालून माणसं आली होती. पैसे परत मिळत नाहीत म्हटल्यावर मराठी माणूस लग्न मोडलं तरी जेवून येतो. भाच्याने त्या रात्री टिपलेला सगळ्यांत चांगला फोटो एका बापलेकाचा आहे. दोघांच्या पाठीवर नेमार, दोघांच्या हातात समोसा.

जल्लोषाएवढंच हल्ली क्लबांना आपल्या भागातल्या लोकांत मिसळायचं असतं. खेळाडू शाळांत जातात, पोरांना चेंडू मारायला शिकवतात, किनारे साफ करतात. कल्पना उत्तम आहे. युरोपातले क्लब पिढ्यान्‌पिढ्या हे करत आलेत, आणि आपल्या खेळाडूंनीही करावं. फक्त तिकडे ‘लोक’ म्हणजे लोक असतात. आपल्याकडे लोकांपर्यंत पोचायच्या आधी अध्यक्ष, उपाध्यक्ष, विश्वस्त, माजी विश्वस्त आणि साउंडवाला लागतो.

मुलुंडला पोरांना फुटबॉल शिकवावा लागतो असंही नाही. पूर्वेच्या संभाजी मैदानावर उन्हाळ्यात क्रिकेटचे इतके सामने एकात एक चालतात की कुणाचा कॅच कोण घेतो याला काही अर्थ नसतो. पाऊस पडला की क्रिकेटवाले छत्र्या उघडून घरी जातात आणि चिखलात फुटबॉल उगवतो. गोल म्हणजे दोन चपला. बारची उंची म्हणजे गोलकीपरची उंची, त्यामुळे सगळ्यांत बुटक्याला उभं करतात. इथे गोल झाला की पोरं कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे धावत नाहीत, पोटावर आडवी घसरतात आणि उठतात तेव्हा भाऊ भावाला ओळखत नाही. भाचा तिथे कॅमेरा काढत नाही. भाड्याची लेन्स आहे.

तर लोकांत मिसळायच्या अशाच एका मोहिमेत, एका शाळेच्या क्रीडा पारितोषिक समारंभाला एका व्यावसायिक संघाचा परदेशी बचावपटू पाहुणा आला होता. संघाचं नाव सांगत नाही, शाळेचंही नाही. फोटोचं काम भाच्याकडे, म्हणजे बॅगेचं माझ्याकडे. पाहुणा सव्वासहा फूट. स्वागतगीत झालं. त्याने दोनदा टाळ्या वाजवल्या, दोन्ही वेळा चुकीच्या ठिकाणी. पीटीच्या सरांनी त्याची ओळख करून दिली ती वीस मिनिटं, आणि त्यातली अठरा मैदानी खेळांच्या ऱ्हासाबद्दल होती. मग सत्कार. मुख्याध्यापिका बाई शाल घेऊन उभ्या राहिल्या आणि टाचा उंचावूनही त्यांचे हात त्याच्या छातीशीच पोचले. तो समजूतदार, गुडघ्यावर बसला. सभागृहाला वाटलं तो पाया पडतोय, आणि प्रचंड टाळ्या पडल्या. बाईंना गहिवरून आलं.

शालीनंतर श्रीफळ. हे त्याच्यासाठी नवीन होतं. त्याने नारळ दोन्ही हातांत घेतला, वजन पाहिलं, फिरवून पाहिला. आणि बचावपटूच्या हातात दोन्ही तळव्यांत मावणारी गोल वस्तू आली की त्याचे हात पुढे काय करतात ते त्याच्याही ताब्यात नसतं. हात हळूहळू डोक्यामागे गेले. पाय जुळले. बाजूच्या रेषेवरून थ्रो-इन टाकायच्या तयारीत, खांद्यावर शाल आणि डोक्यामागे श्रीफळ, असा तो मंचाच्या कडेला उभा राहिला. समोर बसलेली सहावी ‘ब’ क्षणात उठली. दोन पोरं डावीकडे पळाली, एक मागे गेला, एका मुलीने हात वर करून “पास! पास!” म्हणून आरोळी ठोकली. पीटीच्या सरांनी मंचावर उडी मारली, ती या वयातली त्यांची पहिलीच असावी. पाहुणा मनापासून हसला आणि त्याने नारळ सरांच्या हातात अलगद ठेवला.

भाच्याने ते सगळं टिपलं. चमकी नाही, दोरी नाही, विरुद्ध कोपरा नाही. वर गेलेला नारळ, उठलेला वर्ग, हवेतले सर. मला तो फोटो ढालीच्या सगळ्या फोटोंपेक्षा चांगला वाटतो आणि हे मी मामा म्हणून म्हणत नाही.

शाळेच्या वार्षिक अंकासाठी भाच्याने तोच पाठवला. दुसऱ्या दिवशी एका विश्वस्तांचा फोन आला. त्यांना दीपप्रज्वलनाचा हवा होता, सगळे विश्वस्त ओळीत उभे असलेला. भाच्याने तोही पाठवला. संध्याकाळी पुन्हा फोन. मी शेजारीच होतो, स्पीकर चालू होता.

“फोटो छान आलाय. फक्त मागे कुणीतरी फार उंच उभा आहे. त्याच्यामुळे आमचा बॅनर झाकला जातोय. त्याला काढता येईल का?”

“येईल की, काका,” भाचा म्हणाला. “एडिटिंगचे दीडशे वेगळे.”